पुढे गाडी, मागे बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो ते कुणाचं कौतुक करायला नव्हे. ज्याची सारखी बदली होते, ज्याला घरमालक दर अकरा महिन्यांनी नमस्कार करतो, ज्याच्या मुलांना दर इयत्तेला नवी शाळा पाहावी लागते, अशा माणसाकडे बघून आपण हे वाक्य म्हणतो आणि जोडीला एक सुस्कारा सोडतो. अलीकडे मात्र हा विंचू श्रीमंत झाला आहे. त्यानं पाऊण कोटीची उंचच्या उंच मोटार घेतली आहे, तिच्या मागे लोखंडी आकडा बसवून घेतला आहे आणि त्या आकड्याला अख्खं घर अडकवलं आहे. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, हात धुवायला बेसिन आणि दार लावल्यावर गुडघे दाराला टेकतील अशा बेताचा संडास. हा विंचू महाबळेश्वरला जातो, हॉटेलाच्या दारापर्यंत पोचतो, आणि हॉटेलात न उतरता बाहेर मोकळ्या जागेत आपल्याच घरात झोपतो. त्याला त्याचे जास्त पैसे पडतात, म्हणून त्याला जास्त मजा येते.

मी पडलो बँकेतला कारकून. विद्यापीठानं मला बी.कॉम. ही पदवी देऊन जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ‘ही कुठल्या खात्यात टाकायची?’ या नजरेनं पाहायला शिकवलं. तेव्हा रावेरकडच्या एका केळीवाल्या खातेदारानं असलं ओढायचं घर घेण्यासाठी कर्जाची चौकशी केली, तेव्हा पहिला पेच पडला तो हाच. हे वाहन की घर? वाहनकर्जाची मुदत आखूड आणि व्याज चढं, गृहकर्जाची मुदत लांब आणि व्याज उतरतं. खातेदार अर्थातच गृहकर्जाच्या बाजूनं होता. “साहेब, चाकं हायेत म्हनून काय झालं? आतमधी मोरी हाये. मोरी असती त्याले घरच म्हनता ना?” या युक्तिवादाला बँकेच्या परिपत्रकात उत्तर नव्हतं. कायद्यात होतं. १९८८ चा मोटार वाहन कायदा म्हणतो, मोटारीनं ओढलं जाणारं, किंवा ओढण्यासाठी बनवलेलं, ते ट्रेलर. आत ऊस आहे, खत आहे की सासूबाई आहेत, याच्याशी व्याख्येला कर्तव्य नाही.

पण पेच तिथं संपला नाही, कारण तो माझ्या टेबलावर सुरूच झाला नव्हता. घर की गाडी, हा प्रश्न खानदेशच्या मातीत निदान चारशे वर्षांचा आहे.

त्याचं कारण सोपं. सुरतेच्या बंदरात उतरलेल्या माणसाला आग्र्याला जायचं असेल, तर त्याच्या एका मोठ्या वाटेवर नवापूर, नंदुरबार आणि बऱ्हाणपूर लागायचं. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ती फारुकी सुलतानांची, म्हणजे खानदेशची राजधानी. १६०१ साली अकबरानं असीरगड घेतला आणि खानदेश मोगलाईत गेला. तेव्हापासून जगातला जो तो आपलं बिऱ्हाड घेऊन आमच्या अंगणातून जाऊ लागला. बहुतेकांनी वह्या लिहून ठेवल्या. पाहुण्यांनी आपल्या घराबद्दल काय लिहिलं ते वाचायला धीर लागतो, पण वाचलं पाहिजे.

सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला आला. शहाजादा परवेझ तिथं होता. कोतवालानं मोठ्या इतमामानं वकिलाला सराईत नेऊन उतरायच्या खोल्या दाखवल्या. रो लिहितो की त्या खोल्या विटांच्या, वरून गोल आणि भट्टीएवढ्याच होत्या. त्याला आपल्या तंबूंचाच आधार वाटला. खानदेशातल्या लॉजबद्दलची ही लेखी तक्रार चारशे वर्षांहून जुनी आहे. धुळ्याला किंवा जळगावला मे महिन्यात वरच्या मजल्याची, पश्चिमेला खिडकी असलेली खोली ज्याला मिळाली आहे, तो रोला खोटं म्हणणार नाही. ‘आपण आपलं घर बरोबर आणलं ते बरं झालं’ हा जो आनंद आजचा ट्रेलरवाला विकत घेतो, तो रोला फुकट मिळाला.

याच रोनं पुढं अजमेरला जहांगीर बादशहाला एक इंग्लिश घोडागाडी नजर केली. बादशहानं काय करावं? आतलं चिनी मखमलीचं अस्तर उतरवून तिथं जरीचं इराणी कापड लावलं, पितळी खिळे काढून चांदीचे ठोकले. नवी गाडी घेतली की शोरूममधून ती थेट सीट कव्हरवाल्याकडे न्यायची, ही आपली राष्ट्रीय परंपरा अशी थेट बादशाही आहे. त्या गाडीबरहुकूम दुसरी गाडीही त्यानं बनवून घेतली. १६१६ च्या नोव्हेंबरात अजमेर सोडताना बादशहा नकलेत बसला आणि अस्सल गाडी बेगम नूरजहानला मिळाली. यातून कुठल्या घरात कुणाचं चालतं ते कळतं.

आता ‘आलिशान मोटार’ म्हणजे काय ते पाहू. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात याच वाटेनं गेला. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं त्यानं लिहिलं आहे. त्याच्या गाडीला दोन बैल होते आणि त्या जोडीला त्यानं जवळजवळ सहाशे रुपये मोजले होते. किंमत ऐकून वाचकानं चकित होऊ नये, असं तो स्वतःच बजावतो. हे बैल साठ साठ दिवस, रोज बारा ते पंधरा लीग, आणि तेही दुडक्या चालीनं जात. अर्धी मजल झाली की प्रत्येकाला कणीक, लोणी आणि गूळ मळून केलेले दोन-तीन गोळे, रात्री भरडून भिजवलेले हरभरे. म्हणजे भाव ऐकून शेजाऱ्याचा चेहरा पडावा, आणि पेट्रोल पंपावर मालकाचा!

इथं माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. ताव्हेर्निएच सांगतो की भाड्याची गाडी दिवसाला सुमारे एक रुपयाला मिळे आणि सुरत ते आग्रा पस्तीस-चाळीस दिवसांचा प्रवास चाळीस-पंचेचाळीस रुपयांत होई. मग सहाशे रुपये बैलांत कशाला गुंतवायचे? त्या पैशात तेरा वेळा आग्र्याला जाता आलं असतं, शिवाय गुळाचा खर्च वेगळा. हा हिशेब मी कर्ज मागायला आलेल्यांनाही करून दाखवतो. त्यांच्या चेहऱ्यावर दया दिसते. स्वतःच्या बैलजोडीचं सुख घसाऱ्याच्या रकान्यात मावत नाही, हे ताव्हेर्निएला ठाऊक होतं आणि त्यांनाही असतं.

हे झालं खासगी बिऱ्हाड. सरकारी बिऱ्हाड म्हणजे बादशहाची छावणी. तिच्या एका मुक्कामाच्या सामानाला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत, अशी नोंद अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे. बादशाही तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. आमच्या घरात एक चादर धुवायला गेली की दुसरी कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे.

अशीच एक राजधानी १६३० साली बऱ्हाणपूरला येऊन टेकली. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर आला होता आणि पुढची दोन वर्षं तिथं राहिला. मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये वारली ती या फिरत्या घरातच, बाळंतपणात. तापीपलीकडच्या बागेत तिला आधी पुरलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल पाहताना लोक ‘काय ते कायमचं घर!’ म्हणतात. तिचा संसार मात्र मुक्कामांचा होता.

आणि इथं विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. त्याच १६३० साली दख्खन-गुजरातेत पाऊस गेला होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या हिवाळ्यात सुरतेहून आग्र्याला निघाला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं मरून पडलेली. नंदुरबारच्या मुक्कामी एक लहानसा तंबू ठोकायला प्रेतांवाचून मोकळी जागा मिळेना, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. आणि तोच माणूस पुढं बऱ्हाणपूरला पोचल्यावर लिहितो की तिथला बाजार भरलेला आहे, चहूकडून तिथं माल येतो आहे. बादशहाची छावणी होती ना! धान्य नव्हतं असं नाही. धान्य ओढून न्यायला बैल होते, बैलांना रस्ताही होता. फक्त ते रस्त्यात कुणासाठी थांबत नव्हते. माझ्या माहितीत खानदेशच्या रस्त्याची याहून वाईट गोष्ट नाही, आणि ती सांगायला परकाच माणूस लागला.

ते धान्य वाहणारे बहुतेक आमचे बंजारे. मंडीनंच पुढं एका ठिकाणी तांड्याचं वर्णन केलं आहे. एका सकाळी त्याला भेटलेल्या तांड्यात धान्यानं लादलेले चौदा हजार बैल होते. बायकापोरं बरोबर, कुटुंबंच्या कुटुंबं, एका तांड्यात सहा-सातशे माणसं. दिवसाला सहा-सात मैलच चालायचं. स्वस्त असेल तिथं धान्य घ्यायचं, महाग असेल तिथं विकायचं, परतताना रिकामं यायचं नाही. आमच्या वाणिज्य शाखेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम एवढाच आहे, बाकीची भर आहे. आणि शेवटी मंडी म्हणतो, मुक्कामाला बैल चरायला मोकळे सोडतात, कारण जमीन भरपूर आहे आणि मना करणारं कुणी नाही. हे शेवटचं वाक्य वाचून आजचा ट्रेलरवाला ढसाढसा रडेल. त्याच्याकडे सगळं आहे, फक्त ‘इथं उभी करू नका हो’ म्हणणारा वॉचमन नसेल अशी जागा नाही.

तांडा मोडला तो रेल्वेनं. १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत आणि पुढं रूळ पडले, आणि चौदा हजार बैलांचं काम एक इंजिन शिट्टी वाजवत करू लागलं. वाहणाऱ्यांचा धंदा गेला, तांडे गावाबाहेर माळावर स्थिरावले, आणि पुढं इंग्रजांनी वर त्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा लावला. ज्याला पत्ता नाही तो चोर, हे शास्त्र तेव्हाचं.

आता योगायोग बघा. इकडे घरासकट हिंडणारे असे संशयित ठरत असताना, तिकडे विलायतेत १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरानं मुद्दाम एक घरगाडी बांधून घेतली. नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. दोन घोडे जोडून आणि नोकर बरोबर घेऊन साहेब इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत हवा खात गेला. हौसेखातर बांधलेली ही पहिली घरगाडी मानतात. जिप्सींची गाडी दिसली की लोक कोंबड्या आत घ्यायचे. डॉक्टरसाहेबांची गाडी दिसली की टोप्या काढायचे. गाडी तीच, आत बसलेला माणूस बदलला. पुढं अमेरिकेत घोडे गेले आणि मोटार आली, गाडीला चकचकीत ॲल्युमिनियमचं अंग आलं, एवढीच काय ती सुधारणा.

ओढण्याच्या शास्त्रात तर तीही नाही. अमेरिकेतले जाणकार सांगतात, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या आकड्यावर आला पाहिजे. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, फार आला तर मोटारीचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. यावर तिकडे जाडजूड पुस्तकं आहेत. आमच्या पारोळा-एरंडोलच्या शेतकऱ्याकडे त्यासाठी दोन शब्द आहेत. गाडीचा भार पुढं आला तर ती धुरजड, मागं गेला तर उलाळ. धुरजड गाडीनं बैलाचा खांदा सुजतो, उलाळ गाडीनं जू वर उचललं जाऊन बैलाला फास बसतो. उपाय काय? कडब्याच्या चार पेंढ्या इकडच्या तिकडे कराव्यात, आणि उरलेली चूक गाडीवानानं स्वतः धुऱ्यावर पुढं-मागं सरकून दुरुस्त करावी. टक्क्यांचं कोष्टक नाही, पण बैल तक्रार करत नाही म्हणजे हिशेब जुळला. आमच्या बँकेत ताळेबंद जुळल्याची खूण इतकी स्वच्छ नाही.

खानदेशात हौसेची घरगाडी नव्हती असंही नाही. तिचं नाव डमणी. वर छत, आत गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. सारंगखेड्याला दत्तजयंतीची मोठी यात्रा भरते, घोड्यांचा बाजार असतो. तिथं आसपासची घरंच्या घरं डमण्या जुंपून जायची, तापीकाठी बैल सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि रात्री डमणीतच आडवी व्हायची. ‘कथा चालना रे भो?’ म्हणून कुणी हटकलं की ‘यात्राले’ एवढं उत्तर पुरे. आता त्याच यात्रेत अलीकडच्या वर्षांत पाहुण्यांसाठी तंबूंचं गाव उभं केलं गेलं, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हान पर्यटनाचं धोरणही काढलं. चाकावरच्या घरांसाठी जागा, पाणी, वीज, सगळं त्यात आहे. मला ते वाचून बरं वाटलं. तीन दगड मिळाले की आपलं भागत होतं, त्याचंही धोरण होऊ शकतं हे कळलं.

बिऱ्हाड हलकं असावं असं मानणारा एक मोठा माणूस धुळ्याला होऊन गेला. इतिहासाचार्य राजवाडे. जुन्या कागदांसाठी गावोगाव पायपीट केली, स्वतःच्या हातानं स्वयंपाक केला, संसार म्हणाल तर दप्तरांचा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड मागे ठेवून १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यालाच गेले आणि पुढच्या वर्षी लोकांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं. आयुष्यभर हिंडणाऱ्याला पक्की इमारत मिळते ती बहुधा अशी, नंतर.

पण पाठीवरचं बिऱ्हाड इतिहासजमा झालं आणि त्याची आता फक्त हौस उरली, असं समजून कुणी पान उलटू नये. दिवाळी आटोपली की चाळीसगाव-पारोळ्याकडच्या, धुळे-नंदुरबारकडच्या रस्त्यांवर संध्याकाळी थोडं उभं राहून बघा. पुढं ट्रॅक्टर, मागं एकाला एक अडकवलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पाचटाच्या कोपीसाठी बांबू, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, पिठाचा डबा, एक शेळी, दोन कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. ही ऊसतोडीला निघालेली घरं. कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं मोजायची पद्धतच तशी आहे. मुकादमानं आधी उचल दिलेली असते, म्हणजे कर्ज. त्याला अर्ज नाही, जामीन नाही, वाहन की घर असला पेच नाही. फक्त फेडताना अंग लागतं.

ही माणसं कधीमधी आमच्या काउंटरला येतात. खातं उघडायचं असतं, कुणाच्या तरी योजनेचे पैसे जमा व्हायचे असतात. मी फॉर्म पुढं करतो. त्यात ‘कायमचा पत्ता’ असा रकाना असतो. एकदा एक बाई पदर सावरत म्हणाली, “कोनता सांगू साहेब? दिवाळी पहिलेना का दिवाळी नंतरना?” तिला विनोद करायचा नव्हता. दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने तिचं घर म्हणजे फडाच्या कडेची कोपी, आणि पुढच्या वर्षी तो फड कुठला, ते मुकादम जाणे. शिधापत्रिका देशात कुठंही चालावी म्हणून २०१९ पासून सरकारनं योजना सुरू केली, ती चांगलीच आहे. धान्य बैलाच्या पाठीवरून माणसापाशी थांबायला शिकतं आहे, असं म्हणूया. पोरांची शाळा मात्र अजून गावातच राहते, पोरं ट्रॉलीत असतात.

मी तिचा गावाकडचा पत्ता लिहिला. सहा महिने कुलूप असलं तरी तिथं दार आहे, आणि आमचा शिक्का दारावरच बसतो. तिनं अंगठा न उठवता सही केली, सावकाश, एकेक अक्षर जुळवत, आणि पासबुक पिशवीत ठेवताना विचारलं, “हाई बुक तथा चालीन ना?”

चालतं म्हटलं. कुठंही चालतं.